गाईडमध्ये न सापडणारं उत्तर

व्हिडिओ गेम म्हटलं की आपल्या घरांत एकच निकाल लागतो: वेळेची बरबादी. बऱ्याच गेम्सबद्दल तो खराही आहे. पण 'द विटनेस' नावाच्या एका गेमबद्दल लिहावंसं वाटतं, कारण शिकणं म्हणजे नेमकं काय, हा माझ्या पेशातला प्रश्न त्यात फार स्वच्छ दिसतो.

जोनाथन ब्लो या अमेरिकन डिझायनरने आपल्या सहकाऱ्यांसह बनवलेला हा गेम २०१६ मध्ये आला. आपण एका निर्मनुष्य बेटावर असतो आणि खेळातल्या माणसाच्याच डोळ्यांनी सगळं पाहतो. बेटावर पाचशेहून जास्त पॅनल आहेत. प्रत्येकावर एक गोल असतो. त्या गोलापासून रेघ ओढत शेवटच्या टोकापर्यंत न्यायची. नियम कुठेच लिहिलेले नाहीत, त्यामुळे कोडी समजायला इंग्रजीही लागत नाही. पहिल्या पॅनलवर फक्त सरळ रेघ. मग वळणं येतात. मग काळे-पांढरे चौकोन येतात, आणि दोन-चारदा चुकल्यावर लक्षात येतं की रेघेने त्यांना वेगळं करायचं आहे. फळबागेत तर पॅनलवरची वाट झाडाच्या फांद्यांसारखी फुटते. समोरच्या झाडाला ज्या फांदीवर सफरचंद आहे, तिथे रेघ संपवायची. पॅनलकडे कितीही टक लावून पाहा, उत्तर तिथे नाही. मान वर करावी लागते.

खरी कमाल याच्या पुढे आहे. डोंगरमाथ्यावर पोहोचून खाली नदीकडे पाहिलं की तिच्या पात्रात तोच आकार दिसतो: एक गोल आणि त्यातून निघालेली रेघ. तिथून रेघ ओढून पाहिली, तर ती खरोखर ओढली जाते! मग कळतं की अशी शंभराहून जास्त कोडी बेटभर पसरलेली आहेत, सावल्यांत, भिंतींच्या कडांत, पाइपांत. योग्य जागी उभं राहिल्याशिवाय त्यांचा आकार जुळत नाही. गेम सुरू होताना आपण ज्या फाटकातून बाहेर पडलो, त्या फाटकातही सूर्याला धरून एक कोडं दडलेलं आहे. पुढे काय उघडतं ते सांगत नाही.

इतकं लपवणं अन्याय नाही का, असा आक्षेप घेतला जातो. तो पूर्ण चुकीचा नाही. एका कोड्यासाठी जवळपास तासभर एक फिल्म पाहत थांबावं लागतं. सब्राची ही परीक्षा मलाही अतिरेक वाटते. पण अवघड प्रश्न आणि अन्यायी प्रश्न यांत फरक आहे. ज्याचं उत्तर फक्त विचारणाऱ्याच्या डोक्यात असतं, तो प्रश्न अन्यायी. इथे बेटावर काळे खांब उघड उभे आहेत आणि दडलेल्या कोड्यांचे आकार त्यांच्यावर कोरलेले आहेत. खुणा समोर आहेत, आपली नजर तेवढी तयार नाही.

यूट्यूबवर सगळी उत्तरं आहेत, ती बघून रेघा ओढता येतात. पण याच गेममध्ये एक टप्पा असा आहे की संगीत संपायच्या आत कोडी सोडवायची, आणि ती दर वेळी नवी तयार होतात. तिथे उतरवलेलं उत्तर काही कामाचं नाही. नियम समजलेला असेल तोच पार होतो.

उर्दू शाळेत मराठी शिकवताना हा टप्पा मी रोज पाहतो. 'पावसाळा' हा निबंध मुलं न अडखळता लिहितात. शीर्षक 'पावसात आमची गल्ली' असं केलं की पेन थांबतं. गल्ली रोजची, पाऊसही डोक्यावर पडलेला. पण ती गाईडमध्ये नाही. पालक विचारतात, "सर, अजून चांगलं गाईड कुठलं?" दोष मुलांचा नाही. गेममध्ये चुकीची रेघ पुसून पुन्हा ओढता येते; आपल्या वर्गात चुकलं की लाल शाई. मग मूल चुकायला घाबरतं आणि तयार उत्तर मागतं.

आपल्याला तर हे वेगळं सांगायची गरज पडू नये. 'आयत' म्हणजे कुरआनमधलं वचन, हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. पण या अरबी शब्दाचा अर्थ खूण, निशाणी असाही आहे. रात्र-दिवस, पाऊस, उंट, पर्वत यांच्याकडे पाहा आणि विचार करा, असं कुरआन वारंवार सांगतं. पाठांतराची आपली परंपरा मोठी आहे आणि हिफ्ज करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्याच किताबने दिलेला पाहण्याचा हुकूम आपण घरात आणि वर्गात किती पाळतो?

मुलांना हा गेम घेऊन द्या, असं माझं म्हणणं नाही. तो सगळ्यांना परवडणारही नाही. एवढंच करा: मुलाने उत्तर विचारलं तर ते लगेच देऊ नका आणि मोबाईलवर शोधायलाही सांगू नका. "तू काय काय करून पाहिलंस?" असं विचारा, आणि तो सांगेपर्यंत थांबा.