'निस्तार' म्हणजे गरज नव्हे

'नेसेसरी' या इंग्रजी शब्दासाठी 'आवश्यक' हा प्रतिशब्द आपण निःशंकपणे वापरतो. दोन्हींची घडणही सारखी आहे. लॅटिन 'नेसेसे'ची फोड व्युत्पत्तिकार नकारवाचक 'ने' आणि 'मागे हटणे' या अर्थाचा धातू अशी करतात. जे हटत नाही, टळत नाही, ते नेसेसरी. आपल्या 'अवश्य'मध्येही नकारच आहे. जे कुणाला वश नाही ते अवश्य. अरबीतून आलेल्या 'गरज' या शब्दाचा मूळ अर्थ हेतू. मराठीत मात्र त्याला लाचारीची छटा चढली आणि गरजवंताला अक्कल नसते, असे आपण म्हणू लागलो.

याच अर्थक्षेत्रातला एक शब्द चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आहे : निस्तार. जळण, चारा, घरबांधणीचे लाकूड, बांबू असे जे गावाला लागते ते जंगलातून घेण्याची वहिवाट म्हणजे निस्तार. मध्य प्रांताच्या महसुली व्यवहारात रुजलेला हा शब्द महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत (१९६६) 'निस्तार पत्रक' या नावाने टिकला. तो गोंडी नव्हे, कचेरीचाच, हे खरे. परंतु संस्कृतात निस्तार म्हणजे पार जाणे. आपले 'निस्तरणे' त्याच कुळातले. 'आवश्यक' माणसाची अडवणूक सांगतो, 'निस्तार' त्याचे तरून जाणे सांगतो.

हा भेद केवळ कोशातला नाही. भारतीय करार कायद्याच्या (१८७२) ६८व्या कलमात 'नेसेसरीज' हा शब्द येतो, तो अज्ञान व मनोविकल अशा, करार करण्यास अक्षम व्यक्तींच्या संदर्भात. आणि या वस्तू त्या व्यक्तीच्या 'जीवनातील स्थितीला साजेशा' असाव्यात, अशी अट आहे. म्हणजे गरज किती, हे गरजवंताने ठरवायचे नाही. जंगलाच्या कायद्यात याच गरजेमागे 'बोना फाईड' हे लॅटिन विशेषण लागले : सद्भावपूर्ण. ज्याच्या सद्भावाविषयी आधीच शंका आहे, त्यालाच हे विशेषण लावावे लागते. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला याच जंगलांतून बांबू मिळत आला. तो 'कच्चा माल' होता. त्या मागणीला सद्भावाचा दाखला जोडावा लागला नाही. सूप-टोपलीसाठी तोडलेला बांबू मात्र 'गरज' ठरला, आणि गरज म्हटली की मर्यादा आलीच : घरापुरते न्या, विकू नका.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने ही मर्यादा मोडून दाखवली. २००६च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. या कायद्याने बांबूला गौण वनोपज मानून त्याच्या विक्रीचाही हक्क दिला होता. तरीही बांबू गावाबाहेर न्यायचा परवाना द्यायचा कोणी, हा वाद राहिलाच. अखेर एप्रिल २०११ मध्ये वाहतूक परवान्यांची पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली. पुढे २०१२ च्या सुधारित नियमांत 'सद्भावपूर्ण उपजीविकेच्या गरजा' या संज्ञेच्या व्याख्येत अतिरिक्त उपजेची विक्रीही समाविष्ट झाली. गरजेचा अर्थ असा निस्तारापर्यंत ताणावा लागला.

वनहक्क कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात 'निस्तार' हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला आहे, आणि 'कोणत्याही नावाने ओळखले जाणारे' अशी पुस्तीही जोडली आहे. मसुदाकारांनी 'नीड' लिहिले असते, तर वहिवाटीचा हक्क पुन्हा याचनेच्या पातळीवर उतरला असता. इंग्रजीने जी सावधगिरी पाळली ती मराठीने का पाळू नये? वर्गात हा शब्द आला की समासात 'गरज' असे टिपून आपण पुढे जातो. आमचे म्हणणे एवढेच, की तेथे निदान 'वहिवाटीचा हक्क' असे लिहावे. गरज भागवणारा दुसरा कोणी असू शकतो; निस्तार गाव स्वतः करते.