राजपुत्र युसुफला विकले कोणी?

एल्झे लास्कर-श्यूलर या जर्मन कवयित्रीविषयीचा कोणताही लेख उघडा, तो तिच्या कपड्यांपासून सुरू व्हायचा! बाई म्हणे आखूड केस ठेवी, पुरुषी विजारी घाली, स्वतःला 'थेबेसचा राजपुत्र युसुफ' म्हणवी, बर्लिनच्या कॉफीगृहांत रात्री घालवी. दोन लग्ने केली, दोन्ही मोडली. एकूण काय, चक्रम! एवढे लिहून झाल्यावर चरित्रकारांना कवितेकडे वळायला सवड कुठली?

मला या चक्रमपणाच्या कौतुकाचा मनस्वी राग येतो. त्यात एक मोठी सोय असते. बाईच विक्षिप्त ठरली, की तिच्या हालांचा जाब कोणालाच विचारायला नको.

आणि युसुफ हे नाव तरी तिने उगाच घेतले काय? बायबलातला हा योसेफ. भावांनीच त्याला खड्ड्यात ढकलले आणि रुप्याच्या वीस नाण्यांना परक्या व्यापाऱ्यांना विकले. १९१३ साली 'हिब्रू गाथागीते' प्रसिद्ध करणाऱ्या या ज्यू बाईला ती कथा चांगली ठाऊक होती. १९३२ साली जर्मनीने तिला क्लाइस्ट पारितोषिक दिले (तेही दुसऱ्या एका लेखकाबरोबर वाटून!), आणि १९३३ च्या एप्रिलात, चौसष्टाव्या वर्षी, तिला जीव मुठीत धरून झुरिक गाठावे लागले. १९३८ साली नाझींनी तिचे नागरिकत्व काढून घेतले. १९३९ साली ती पॅलेस्टाइनला गेली, तर स्वित्झर्लंडने परतीचे दार लावून घेतले. यात विक्षिप्त कोण, ते वाचकांनीच सांगावे.

ज्याच्यावर तिने जीव टाकला, कविता लिहिल्या, तो कवी गोटफ्रीड बेन त्याच एप्रिलात बर्लिनच्या रेडिओवरून नव्या राजवटीची तरफदारी करीत होता. पुढे त्या राजवटीने त्याच्याही लेखनावर बंदी घातली, हे खरे; पण तो देशातच राहिला. १९५२ साली बर्लिनमध्ये भाषण करून त्याने तिला जर्मनीची सर्वश्रेष्ठ भावकवयित्री ठरवले. या स्तुतीचे दाखले आजही मोठ्या भक्तिभावाने दिले जातात. एप्रिलातले ते भाषण मात्र त्यांच्याशेजारी क्वचितच दिसते!

तिचे शेवटचे पुस्तक 'माझा निळा पियानो' १९४३ साली जेरुसलेमला छापले गेले. प्रती अवघ्या ३३०. भाषा जर्मनच. अर्पण केले ते जर्मनीच्या शहरांतल्या मित्रमैत्रिणींना आणि आपल्यासारख्याच हुसकावून लावलेल्यांना. २२ जानेवारी १९४५ रोजी ती जेरुसलेममध्येच वारली. बेनसाहेबांच्या भाषणाला तेव्हा अजून सात वर्षे अवकाश होता.