विश्लेषण : ‘१’ किती, हे मोजणारे सर्किट का महत्त्वाचे?

मोबाइलमधील फोटो असो वा बँकेचा व्यवहार, चिपसाठी सारे ० आणि १ यांच्या रांगा. रांगेत १ किती, हे मोजणे पोरखेळ वाटेल. पण अनेक प्रोसेसरमध्ये या एकाच कामासाठी वेगळे सर्किट असते.

मोजायचे कशासाठी?
जॉन डॉगमन यांच्या बुबुळ-ओळख पद्धतीत डोळ्याच्या चित्राची २,०४८ बिटांची रांग तयार होते. दोन रांगा ताडून पाहताना जिथे फरक, तिथे १ मांडतात आणि ते १ मोजतात. जवळपास निम्मे बिट वेगळे असतील तर डोळे दोन व्यक्तींचे. फरक बराच कमी असेल तर एकाच व्यक्तीचे. लाखो नोंदींशी तुलना करायची तर मोजणीही लाखो वेळा.

सर्किट मोजते कसे?
एकेक बिट तपासत गेल्यास ६४ बिटांसाठी ६४ पायऱ्या लागतात. सर्किट हे काम वाटून घेते. ‘फुल ॲडर’ तीन बिट घेतो आणि त्यांतील १ची संख्या दोन बिटांत सांगतो : एक एककाचा, दुसरा हातचा. असे चार ॲडर जोडले की सात बिटांतील १ मोजता येतात. दोन ॲडर सहा बिट घेतात, तिसरा त्यांचे एकक आणि सातवा बिट, तर चौथा तिन्ही हातचे. असेच थर रचत ६४ बिटांपर्यंत जाता येते.

नवे आहे का?
नाही. १९६४च्या ‘सीडीसी ६६००’ या महासंगणकात ही आज्ञा होती. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ती २००८ मध्ये आली. ‘रिस्क-फाइव्ह’ या खुल्या आराखड्यात ती मूळ संचात नाही, ऐच्छिक जोडणीत आहे. म्हणजे चिपवरची जागा या मोजणीसाठी द्यायची का, हे चिप आखणाऱ्याने ठरवायचे.

मग आपल्याला काय?
आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ प्रोसेसर याच आराखड्यावर बेतलेला आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. कारखाने हवेतच, पण कोणते काम सर्किटकडे द्यायचे आणि कोणते सॉफ्टवेअरकडे, हे ठरवणारी माणसे पैशाने उभी राहत नाहीत. फुल ॲडरचा तक्ता आपले विद्यार्थी परीक्षेसाठी पाठ करतात. तो मोजणारे यंत्र आहे, हे उमगायचे मात्र राहून जाते. प्रयोगशाळेत चार ॲडर जोडून सात बिट मोजायला लावा. चिप आखण्याचे शिक्षण तिथून सुरू होईल.