एक मीटर, चार बिऱ्हाडे

सेलू तालुक्यातील देवगाव फाट्यासारख्या, हमरस्त्याच्या आधाराने वाढणाऱ्या वस्त्यांत भाड्याची खोली घेणाऱ्या शिक्षकास वा विद्यार्थ्यास वीज पुष्कळदा मिळते ती घरमालकाच्या हातून. मुख्य मीटर मालकाच्या नावे, त्यापुढे खोलीगणिक खासगी उपमीटर, आणि महिनाअखेर मालक सांगेल तो युनिटचा दर. ही व्यवस्था सोयीची आहे. परंतु तिचा भार कोणावर पडतो, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

राज्यातील घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिल्या १०० युनिटांना सर्वांत कमी दर, १०१ ते ३०० युनिटांना बराच अधिक, त्यापुढे आणखी अधिक. वीज कमी जाळणारा तो बेताच्या ऐपतीचा, हे त्यामागील गृहीतक. चार बिऱ्हाडे प्रत्येकी ९० युनिट वापरतात असे धरू. स्वतंत्र मीटर असते, तर चौघांचीही सारी वीज पहिल्याच टप्प्यात बसली असती. एका मीटरवर मात्र बेरीज ३६० होते आणि त्यातील २६० युनिट वरच्या दरांत जातात. दिव्या-पंख्यापुरती वीज वापरणारी चार कुटुंबे अशा रीतीने कागदोपत्री एक सधन ग्राहक ठरतात! स्वतंत्र जोडण्यांत स्थिर आकार चारदा भरावा लागेल हे खरे. पण येथील दरातील फरक त्याहून मोठा भरतो. त्यातच मालकाने सर्वांत वरचा दर सरसकट लावला, तर ती वाटणी न राहता विक्री होते. आणि विजेच्या व्यापारास २००३ च्या वीज कायद्यानुसार परवाना लागतो.

याहून गंभीर प्रश्न थकबाकीचा. भाडेकरूंनी पैसे चुकते केले, पण मालकाने बिल भरले नाही, तर १५ दिवसांची नोटीस मालकाच्या नावे येते आणि अंधार सर्वांच्या खोल्यांत होतो. वीज कंपनीच्या दप्तरी भाडेकरूचे नाव नसते, हाती बहुधा पावतीही नसते.

वस्तुतः याच कायद्याच्या ४३ व्या कलमाने जोडणी मागण्याचा अधिकार मालकाबरोबर भोगवटादारासही दिला आहे. व्यवहारात अडते ते संमतिपत्रापाशी. भाडेकरूच्या नावाचे बिल उद्या ताब्याचा पुरावा होईल, ही मालकाची धास्ती अगदीच निराधार नाही. परंतु तिचे उत्तर लेखी, नोंदणीकृत भाडेकरारात आहे, मीटर अडवण्यात नाही. तोवर मूळ बिल भाडेकरूंना दाखवावे, एकूण रकमेस एकूण युनिटांनी भागून निघेल तोच दर घ्यावा, उपमीटरचे आकडे दोघांच्या देखत टिपावेत आणि पावती द्यावी.