पहिल्या भेटीचे एक पान पेशंटच्या हाती द्या

प्रति,
मा. आयुक्त,
नाशिक महानगरपालिका

महोदय,

नाशिक रोडला फिजिशियनकडे ‘नवीन पेशंट’ म्हणून नंबर लावणाऱ्या माणसाचा आजार बहुतेक वेळा जुनाच असतो. सरकारी प्रेसमधून किंवा रेल्वेतून निवृत्त झालेल्यांचे उपचार वर्षानुवर्षे खात्याच्या दवाखान्यात झालेले असतात. सिन्नरच्या एमआयडीसीतला कामगार थोडे औषध कामगार विमा योजनेच्या दवाखान्यातून घेतो, थोडे गावच्या डॉक्टरांकडून. गुडघे धरले, दम लागला म्हणून गावाकडची आई मुलाकडे राहायला येते, तिची फाइल तालुक्यालाच राहते. खिडकीवर ‘नवीन की जुने?’ एवढे विचारतात, नवा केसपेपर निघतो, त्यावर नाव, वय, बीपी आणि वजन चढते आणि दहा वर्षांचा मधुमेह त्या दिवसापासून पुन्हा सुरू होतो. म्हणून मागणी एकच आहे. महापालिकेच्या बिटको रुग्णालयातल्या मेडिसिन ओपीडीत नव्या पेशंटची पहिली भेट वेगळी धरावी, तिला जास्त वेळ द्यावा, आणि त्या भेटीत कळलेले सगळे एका पानावर लिहून त्याची प्रत पेशंटला द्यावी.

विचारपूस ही तपासण्यांच्या आधी उरकायची औपचारिकता आहे, असा समज पेशंटमध्येही आहे आणि गर्दीने थकलेल्या डॉक्टरांमध्येही. १९७५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हॅम्पटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेडिसिन ओपीडीत आलेल्या ८० नव्या पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून आणि पेशंटची हकीकत ऐकून झालेले निदान ६६ जणांच्या बाबतीत शेवटपर्यंत टिकले. प्रत्यक्ष तपासणीचा निर्णायक उपयोग ७ जणांना झाला, प्रयोगशाळेचा आणखी ७ जणांना. अभ्यास छोटा आहे, जुना आहे, परदेशातला आहे, आणि तेव्हापासून तपासण्या फार पुढे गेल्या आहेत, हे मान्य. पण कोणती तपासणी करायची हे आजही हकिकतीवरूनच ठरते. शिवाय त्या ६६ जणांची हकीकत ऐकण्याआधी डॉक्टरांच्या हातात चिठ्ठी होती, हे विसरू नये. आपल्याकडे ती चिठ्ठी नसते आणि हकिकतीला वेळही नसतो. ६७ देशांच्या माहितीवर आधारलेल्या २०१७ च्या एका आढाव्यात डॉक्टर-पेशंट भेटीचा सरासरी वेळ बांगलादेशात ४८ सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे निघाला. जगाची सुमारे निम्मी लोकसंख्या ज्या १८ देशांत राहते, तिथे तो पाच मिनिटे किंवा त्याहून कमी होता.

या घाईत काय निसटते, ते पेशंटने सोबत आणलेल्या औषधांच्या पिशवीत दिसते. मेडिकलवाल्याने पाच-पाच गोळ्यांसाठी कात्रीने कापलेल्या पट्ट्या असतात, औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख नेमकी कापल्या गेलेल्या भागात गेलेली. टेल्मिसार्टन हे बीपीचे एकच औषध कधी दोन कंपन्यांच्या दोन नावांनी तिथे असते आणि पेशंट दोन्ही गोळ्या इमानाने घेत असतो. गुडघ्यासाठी रोज घेतलेली डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी बीपी वाढवू शकते आणि मूत्रपिंडाला अपाय करू शकते. तिच्याबद्दल कोणी विचारत नाही, कारण पेशंट आलेला असतो बीपीसाठी. मग वाढलेल्या बीपीवर आणखी एक गोळी सुरू होते. घरातल्या आजीला मिश्रीची सवय आहे का, काढे किंवा भस्मे चालू आहेत का, हेही विचारल्याशिवाय कोणी आपणहून सांगत नाही. अंगाला न मानवणारे औषध तर पानाच्या सगळ्यांत वर, लाल शाईने लिहायला हवे.

अशा नोंदींच्या बाबतीत कायदा अपुरा पडतो. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांत नोंदी तीन वर्षे जपण्याचे बंधन आहे, पण ते दाखल झालेल्या पेशंटपुरते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीने खासगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांना ओपीडीच्या नोंदीही जपायला सांगितले होते. ती नियमावली ऑगस्टमध्ये निघाली आणि त्याच महिन्यात स्थगित झाली. महापालिका ज्या कायद्याखाली खासगी रुग्णालयांची नोंदणी करते, तो खाटा असलेल्या नर्सिंग होमचा आहे. नुसती ओपीडी चालवणारा फिजिशियन त्यात येत नाही. त्यामुळे खासगी दवाखान्यांवर आपण सक्ती करू शकणार नाही, याची जाणीव मला आहे. स्वतःच्या रुग्णालयात मात्र आपल्याला कोणाची परवानगी लागणार नाही. आणि बिटकोचे पान हातात घेऊन पेशंट खासगी फिजिशियनकडे गेला, तर तिथेही ते उपयोगी पडेल.

ओपीडीच्या गर्दीत इतका वेळ कुठून काढायचा, हा पहिला आक्षेप असणार, आणि तो खरा आहे. पण आजचा वेळही वाचत नाही, तो दर फेरीला थोडाथोडा जातो: त्याच तपासण्या पुन्हा होतात, तेच प्रश्न नवे डॉक्टर पुन्हा विचारतात. नव्या मधुमेही आणि बीपीच्या पेशंटांसाठी आठवड्यातल्या दोन दुपारी राखून ठेवता येतील. औषधांची यादी परिचारिका आधीच करून ठेवू शकते. तातडीच्या पेशंटला यातून अर्थातच वगळावे. दुसरा आक्षेप ‘आभा’ या आरोग्य-ओळख क्रमांकाचा. चौदा अंकी क्रमांक निघाला की नोंदी आपोआप मिळतील, असे अनेकांना वाटते. तो क्रमांक नोंदी जोडतो, मुळात लिहायच्या त्या माणसालाच लिहाव्या लागतात. ज्या आजीचा फोन नातवाकडे असतो, तिच्या पिशवीत कागदच राहील. लिहिलेले उद्या अंगाशी येईल, ही डॉक्टरांची भीती मी हलकी मानत नाही. पण तक्रार झालीच, तर काय विचारले आणि काय सांगितले याची नोंद हाच डॉक्टरांचाही आधार असतो.

पान मराठीत असावे आणि औषधांची नावे जेनेरिक असावीत. जुने आजार, शस्त्रक्रिया, चालू औषधे, अ‍ॅलर्जी, व्यसने, आईवडिलांचे आजार, शेवटची साखर आणि क्रिएटिनिन, आणि पुढे काय ठरले, एवढे त्यात पुरे. केसपेपरच्या खिडकीवर ठळक फलक लावावा: पहिल्यांदा येताना घरातली सगळी औषधे, रिकाम्या पट्ट्यांसह, पिशवीत घेऊन या. तीन महिने हे करून पाहावे आणि किती पेशंटांकडे एकच औषध दोन नावांनी सापडले, याचा आकडा महापालिकेने जाहीर करावा.

आपला,
नाशिक रोडचा एक रहिवासी