गैरहजेरी म्हणजे कबुली नव्हे

आपले पुस्तक दुसऱ्याने बिनपरवाना छापले म्हणून लेखकाने दावा लावला आणि छापणारा न्यायालयाकडे फिरकलाच नाही, तर पुढे काय? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. समन्स रीतसर बजावूनही प्रतिवादी हजर झाला नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम ६ अन्वये दावा एकतर्फी चालू शकतो. लेखी कैफियत आलीच नाही, तर आदेश ८, नियम १० अन्वये न्यायालय निकालही देऊ शकते. ही तरतूद योग्यच आहे. प्रतिवादीच्या बेपर्वाईपायी वादीने वर्षानुवर्षे तिष्ठत का बसावे?

परंतु स्वामित्वहक्काच्या दाव्यात प्रतिवादी अनेकदा दूरचा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ ने वादीला आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात दाद मागण्याची मुभा दिली आहे. आर्वीच्या शिक्षकाचे पुस्तक दिल्लीत कोणी चोरून छापले, तर त्याला वर्धेतच दावा लावता येतो. ही सवलत रास्त होय. पण ती बड्या प्रकाशकालाही आहेच. दिल्लीतील दाव्याचे समन्स हिंगणघाटच्या झेरॉक्सवाल्याच्या हाती पडले, तर प्रवासाचा आणि वकिलाचा खर्च मोजूनच तो घरी बसेल. त्याचे मौन अपराधाचेच असेल असे नाही. ते ऐपतीचेही असू शकते.

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये बलराज तनेजा प्रकरणात दिलेला इशारा मोलाचा आहे. कैफियत आली नाही एवढ्यावरून न्यायालयाने डोळे झाकून निकाल देऊ नये. वादातील मुद्दा पुराव्याचा असेल, तर पुरावा मागावा. आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. सेवाग्रामला वास्तव्य असताना, १९४० साली, गांधीजींनी आपल्या लेखनाचे हक्क मृत्युपत्राने नवजीवन संस्थेकडे सोपवले. मृत्यूनंतरची ६० वर्षांची मुदत २००८ अखेर संपली. उद्या कोणी त्या मूळ लेखनावर हक्क सांगून दावा लावला आणि प्रतिवादी आला नाही, तर संपलेला हक्क त्या गैरहजेरीने पुन्हा जिवंत होईल काय?

प्रतिवादीचेही कर्तव्य आहेच. कैफियतीला ३० दिवस मिळतात. ही मुदत ९० दिवसांपर्यंत आणि व्यापारी दाव्यात १२० दिवसांपर्यंत वाढू शकते. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी सबळ कारण दाखवून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. हजर राहण्याचे मोल दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी दुकानाच्या दाव्यात दिसले. ऑक्सफर्डसह परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये हा दावा लावला. विद्यार्थी आणि शिक्षकांच्या संघटना त्यात उतरल्या. अध्यापनासाठी काढलेल्या प्रतींना कायद्याची मोकळीक आहे, ही भूमिका उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केली. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. दुकानदार घरी बसला असता, तर हा प्रश्न इतक्या खोलात कदाचित तपासलाही गेला नसता.

तेव्हा हक्क खरोखर आहे काय, नक्कल झाली काय आणि नुकसान किती, हे तीन प्रश्न प्रत्येक एकतर्फी दाव्यात विचारले गेलेच पाहिजेत. परगावचे समन्स हाती पडलेल्या गरजूला ते वाचून दाखवून मुदत समजावून देण्याचे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने आवर्जून हाती घ्यावे.