लॅपटॉप मुलांच्याच हातात राहू द्या

शाळेत रोबोटिक्सचा संघ तयार झाला की सुरुवातीचे दिवस मजेत जातात. मग स्पर्धा तोंडावर येते, रोबोट नेमका हवा तिथे वळत नाही, घरी जायची वेळ झालेली असते. अशा वेळी सर, मॅडम किंवा कुणाचे तरी बाबा खुर्ची पुढे ओढतात आणि ‘आण इकडे, मी बघतो’ म्हणून लॅपटॉप स्वतःकडे घेतात. हेतू चांगलाच असतो. तरीही संघाला मार्गदर्शन करणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे, तो लॅपटॉप घेऊ नका.

फर्स्ट लेगो लीगचंच उदाहरण घ्या, ही स्पर्धा 1998 पासून चालू आहे. तिच्या ‘चॅलेंज’ गटात रोबोटला टेबलावर अडीच मिनिटं मिळतात. त्या वेळी संघातली मोजकीच मुलं टेबलापाशी उभी असतात आणि मोठ्या माणसांना तिथे प्रवेश नसतो. आदल्या रात्री तुम्ही लिहून दिलेला प्रोग्रॅम तिथे अडला, तर तो सोडवणार कोण? पुढे परीक्षक मुलांना विचारतात की हेच चाक का घेतलं, आधी काय करून पाहिलं, ते का सोडलं. ज्यांनी स्वतः खटपट केली आहे ती मुलं एकमेकांचं बोलणं तोडून उत्तरं देतात. बाकीची सरांकडे बघतात.

मग मार्गदर्शकाने करायचं काय? विचारायचं. रोबोट डावीकडे सरकतोय ना, मग दर वेळी सरकतो की कधी कधी? हे मुलांना ठाऊक नसतं, कारण त्यांनी मोजलेलं नसतं. तीच फेरी ओळीने दहा वेळा करायला लावा आणि रोबोट कुठे थांबला ते वहीत मांडायला सांगा. दहाही वेळा एकाच जागी चुकत असेल तर खोट बहुधा आकडेमोडीत आहे. दर वेळी वेगळीकडे जात असेल तर चाकांवरची धूळ, सैल झालेला जोड, उतरलेली बॅटरी किंवा सुरुवातीला रोबोट ठेवण्याची पद्धत तपासायची. निघताना तो एक अंश जरी तिरका ठेवला गेला, तरी दोन मीटरवर साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो. हे गणित मुलांनाच करू द्या. एकदा ते पटलं की रोबोट नीट टेकवून ठेवायला ती स्वतःच पट्टी जोडतात. चाकाचा व्यास 5.6 सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्यात रोबोट सुमारे साडेसतरा सेंटिमीटर पुढे जातो. वर्गात पाठ केलेला पाय (π) इथे पहिल्यांदा उपयोगी पडतो. मोटर किती सेकंद फिरवायची यापेक्षा किती फेरे फिरवायची हे सांगणं भरवशाचं का, तेही त्यांना वहीतल्या नोंदींवरूनच उमगतं. एका वेळी एकच बदल करायचा, हा नियम मात्र तुम्ही कडक पाळायला लावा. घाईत चार गोष्टी बदलल्या की कशाने सुधारलं ते कुणालाच सांगता येत नाही.

याला वेळ लागतो, म्हणून मोहिमा, म्हणजे रोबोटने टेबलावर करायची कामं, कमी घ्या. कधीतरीच जमणाऱ्या आठ मोहिमांपेक्षा दर वेळी जमणाऱ्या चार परवडतात. शेवटच्या आठवड्यात नवीन काही जोडू नका, फक्त सराव करा.

टेबलावरचे गुण हा या स्पर्धेचा चौथा हिस्सा आहे. रोबोटची रचना, नवकल्पना प्रकल्प आणि संघाची वागणूक यांना तेवढंच वजन असतं. प्रकल्पासाठी इंटरनेटवर भागवू नका, माणसांकडे जा. 2025-26 चा विषय पुरातत्त्व होता. धाराशिवच्या मुलांना तेरचं संग्रहालय आणि पुण्याच्या मुलांना डेक्कन कॉलेज इतकं जवळ असताना त्यांनी घरबसल्या तक्ता रंगवावा, हे मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट, जी पाहून मला फार वाईट वाटतं. कितीतरी संघांत जोडणी आणि प्रोग्रॅम मुलग्यांकडे जातात. तक्ते, सजावट आणि भाषण मुलींकडे. हे कुणी ठरवत नाही, पण होतं. कामं आलटून पालटून द्या. टेबलापाशी मुलीही उभ्या राहिल्या पाहिजेत आणि गप्प बसणाऱ्या मुलानेही परीक्षकांसमोर बोललं पाहिजे.

साहित्य महाग आहे, हे खरं. पण 2016 साली सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनमधून देशभरात हजारो शाळांना सहावी ते बारावीच्या मुलांसाठी टिंकरिंग लॅब मिळाल्या आहेत. एका लॅबला 20 लाखांपर्यंत अनुदान आहे. मुलं मोडतील या धास्तीने तिथलं सामान कपाटात बंद ठेवू नका. एखादा सेन्सर खराब होईल, तो बदलता येतो. मुख्याध्यापकांनो, शाळा सुटल्यावर ती खोली दोन तास उघडी ठेवा, शेजारच्या ज्या शाळेकडे लॅब नाही तिथल्या मुलांनाही बोलवा, आणि पालकांनो, तुम्ही त्यांच्या खाण्यापिण्याचं आणि उशिरा घरी पोचवायचं तेवढं बघा.